मोरछापाच्या डबीचं

६ जानेवारी १९४६, सांगली

आजपासून मी कुंकू विकणार. नाटकमंडळी बुडाली तेव्हा वाटलं होतं, याहून खाली आता काय जायचं उरलंय? बाळासो मालकांनी जागा दाखवून दिली.

मालकांची हळदीची अडत नावाजलेली. आता वखारीच्या मागल्या अंगणात हळदीचं कुंकू करून डबीत भरायचं आणि ‘मोर छाप’ म्हणून खपवायचं, असं त्यांच्या डोक्यात आलं आहे. डबीवर पिसारा फुलवलेला मोर आहे. तो मोर कमी आणि खुडूक कोंबडी जास्त दिसतो. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी असलं बोलू नये, एवढी अक्कल मला आता आली आहे.

‘‘मास्तर, जाहिरात कशी पायजे? बाईनं दुकानात जाऊन कुंकू मागायचं न्हाई. मोर मागायचा,’’ मालक म्हणाले.

बेत असा: एक गाणं करायचं, मुंबईत त्याची रेकॉर्ड काढायची, बैलगाडीवर ग्रामोफोन आणि बॅटरीवरचा कर्णा चढवायचा आणि सातारा जिल्ह्यातले बाजार आणि जत्रा पालथ्या घालायच्या. गाणं अर्थातच मी करायचं. मी एकच अट घातली. रेकॉर्डवर ‘शब्द : वि. रेठरेकर’ असं छापलं पाहिजे. मालक ‘बघू’ म्हणाले. मंडळीचे मालकही असंच ‘बघू’ म्हणायचे, आणि माझी सगळी पदं त्यांच्या नावानं छापून निघाली. अजून पेठेत कुणी माझं पद गुणगुणत असतो आणि मी शेजारी उभा दिसलो तर मलाच विचारतो, ‘हे कुणाचं हो?’ मी छापलेलं नाव सांगतो.

९ जानेवारी

‘कुंकुमतिलके सुभगे ललने’ अशी सुरुवात करून दोन कडवी लिहिली. पेटीवर म्हणून दाखवली. मालकांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, ‘‘मास्तर, ह्ये वडूजच्या बाजारात लावलं तर बायका इचारतील, कोण गेलं म्हणून.’’

अरसिक माणूस. कागद फाडला.

१२ जानेवारी

आज अंगणात गेलो होतो. कुंकू चाळायला पाच-सहा बायका बसवल्या आहेत. कोपरापर्यंत हात लाल, पापण्यासुद्धा लाल. त्यांच्यातली एक गात होती. राहीबाई नाव, वडूजकडची आहे. आवाज काही खास नाही, जरा घोगराच. पण चाळणीच्या ठेक्यावर शब्द असे बसत होते की मी दारातच थांबलो.

पिवळी हळद रानी, उनात तापली बाई
लिंबाच्या रसात न्हाली, रंग आता जाई न्हाई
कुंकू माझ्या कपाळी गं, आकारामाच्या नावाचं

बाकीच्या शेवटच्या ओळीला थांबल्या. ती ओळ तिनं एकटीनं म्हटली.

हेवा वाटला, हे इथं लिहून ठेवतो. मला तीन दिवस जे सुचलं नाही ते एका चाळणवालीला जुळलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ वाटायच्या निमित्तानं अंगणात गेलो आणि राहीबाईला विचारलं, हे गाणं कुणाचं? ‘‘म्याच जुळवलं की चाळता चाळता. दुसरं कोन जुळवायला बसलंय?’’ म्हणाली. मग आकाराम कोण, असं विचारलं, तर तिनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या तानुबाई हसल्या. ‘‘आवं मास्तर, धन्याचं नाव बाई सांगंल व्हय? गान्यात हाय तेवढंच.’’

तानुबाईंकडूनच बाकीचं कळलं. नवरा पलटणीत होता. मलायात गेला, सिंगापूर पडलं आणि त्यानंतर त्याचा पत्ता नाही. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ आहे. लढाई संपली, गावचे बाकीचे परत आले, हा आला नाही. दीर दादासो म्हणतो, कुंकू पूस आणि मोकळी हो, म्हणजे जमिनीचंही मार्गी लागेल. सासू साळूबाई म्हणते, कागदावर मेला म्हणून लिहीत नाहीत तोवर पुसायचं नाही. या ओढाताणीला कंटाळून ती इथं कामाला आली.

मी सहज म्हटलं, मग गाण्यात तरी नाव कसं घेतेस? तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं.

‘‘गान्यात चालतंय. तेवढी येकच जागा हाय. रोज येकदा घेती मी. घरात कुनी न्हाई घेत आता. म्याबी न्हाई घेतलं, तर यायचं म्हनलं तरी त्यो कुनाच्या हाकंला यील?’’

फार साधीभोळी बाई आहे. चाल मात्र मी उतरवून घेतली.

२ फेब्रुवारी

जमलं! दोन रात्री डोकं फोडून घेत होतो आणि आज दाढी करताना आपसूक आलं.

कुंकू माझ्या कपाळी गं, मोरछापाच्या डबीचं.

‘आकारामाच्या नावाचं’ मोजा, अक्षरं आठ. ‘मोरछापाच्या डबीचं’ मोजा, आठच. आठाला आठ. चाल केसाइतकी हलत नाही. ‘नावाचं’ आणि ‘डबीचं’ कानाला तेच लागतं. मी मालकांना म्हणून दाखवलं तर त्यांनी चक्क मांडीवर ठेका धरला.

‘‘ह्ये गाणं! आता ही बाई काय म्हणंल?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कोण बाई?’’ मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो.

तिला विचारावं का, हे मनात येऊन गेलं. पण बायकांच्या गाण्याला मालक कुठला? आज हिनं म्हटलं, उद्या दुसरी दोन शब्द बदलून म्हणते. पहिल्या दोन ओळीसुद्धा तिच्याच कशावरून? ती म्हणते म्हणून. आणि गाण्याला गाणंपण येतं ते शेवटच्या ओळीनं. ती माझी आहे.

१० मार्च, मुंबई

मिरजेच्या लीलाबाईंना घेऊन आलो. मंडळीत माझी पदं त्याच गायच्या. आता वजन वाढलंय, पण गळा तसाच आहे. दोन वेळा म्हटलं आणि रेकॉर्ड झाली.

यानंतर जे झालं ते असं. रेकॉर्ड कंपनीच्या बाबूनं विचारलं, ‘‘गीत कोणाचं लिहू?’’ मी तोंड उघडलं. मालक मध्येच म्हणाले, ‘‘मास्तरांचं नको. आज नाव, उद्या हक्क सांगत येतील.’’ माझ्यासमोर! लीलाबाईंच्या देखत!

माझं डोकं फिरलं. मी बाबूला म्हणालो, ‘‘कुणाचं नाही लिहा. बायकांचं आहे.’’

बाबूनं माझ्याकडं आणि मालकांकडं एकदा पाहिलं आणि ती जागा कोरी सोडली. म्हटलं, माझं नाही ना, मग कुणाचंच नको. परतीच्या गाडीत मालक शेंगा खात बसले होते. मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो.

७ एप्रिल, सांगली

तबकड्या आल्या. चैत्राचं हळदीकुंकू घरोघर चालू आहे, मुहूर्त बरा साधला. मालकांनी ग्रामोफोन अंगणातच लावला. बायकांना कौतुक किती! पहिल्या ओळीलाच तानुबाईंनी राहीबाईच्या पाठीत धपाटा घातला. ‘‘अगं, तुजं गानं यंत्रात शिरलं की!’’ राहीबाई हसत होती. दात दिसतील एवढं हसताना तिला मी प्रथमच पाहिलं.

मग शेवटची ओळ आली. ‘मोरछापाच्या डबीचं.’

ती हसायची थांबली. तबकडी पुन्हा लावली तेव्हा मान वाकडी करून ऐकत राहिली, चुकून दुसरं ऐकू आलं असेल तर पुन्हा नीट ऐकावं तशी. तिसऱ्यांदा लावायला लागलो तर उठून माझ्याजवळ आली.

‘‘आवं मास्तर, माज्या धन्याला काडून तितं मोर बशिवलासा व्हय?’’

मी तिला समजावलं. म्हटलं, अगं, अक्षरं तेवढीच आहेत, चाल मोडलेली नाही, तुझं गाणं जिल्हाभर जाणार आहे. ती म्हणाली, ‘‘गानं जाईल वं. त्यो ऱ्हायला न्हवं का मागं.’’ आणि जाऊन चाळायला बसली. दिवसभर गायली नाही. अडाणी माणसांना कलेतलं काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१९ मे, वडूज

गाडीवान गुंडा आणि मी बाजारामागून बाजार करत निघालो आहोत. कडेगाव झालं, कराड झालं, मलकापूरला तर कर्ण्याभोवती एवढी गर्दी की बैल बुजले. कराडात एका लग्नात करवल्यांनी हेच गाणं म्हटलं, मोरासकट. गुंडा म्हणतो, ‘‘मास्तर, आता देवबी मोरावरनं उतरून डबीवर बसंल बगा.’’ दुकानदार सांगतात, बायका कुंकू मागत नाहीत. मोर मागतात.

आज वडूजच्या बाजारात राहीबाईचा दीर दादासो भेटला. उंचापुरा, पिळदार मिशा. गाणं दोन वेळा नीट ऐकून गाडीजवळ आला.

‘‘ह्ये आमच्या राहीनं जुळवलंय म्हनं. तिच्या गान्यात आमच्या दादाचं नाव असायचं. कुनी काडलं?’’

मला वाटलं आता हा अंगावर येतो. तरी छाती पुढं काढून म्हणालो, मी काढलं. तो हसला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘लय ब्येस केलंसा मास्तर. आता समद्या तालुक्याला कळंल.’’ वर मला गुळाचा चहा पाजला.

या सबंध दौऱ्यात माझ्या ओळीला मनापासून दाद देणारा हा एकच माणूस भेटला. खेडेगावात रसिकता नाही असं मी म्हणत आलो, ते मागे घेतो.

२८ जून, सांगली

वज्राघात. त्याच रेकॉर्ड कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. त्यांनी आमचंच गाणं स्वतःच्या गायिकेकडून गाऊन बाजारात आणलं आहे. पहिल्या दोन ओळी ‘न्हाई’चं ‘नाही’ करून तशाच. शेवटी ‘माझ्या राजाच्या नावाचं’. गीतकार म्हणून त्यांच्या पदरच्या कुणा कवीचं नाव. आणि उलट आम्हालाच दटावतात की गाण्याचे सर्व हक्क आमचे, तुमची तबकडी चौकात वाजवणं ताबडतोब बंद करा!

मालकांनी मला उभ्यानंच झापलं. ‘‘तुमी सांगितलं ना तिथं, कुणाचं न्हाई म्हणून? मग ज्याला गावलं त्यानं उचललं!’’

आणि माझं नाव लिहू नका म्हणून कोण म्हणालं होतं? हे मी मनात म्हणालो.

पण संताप खरा त्या कवीचा येतो. माणसाला काही शरम? दुसऱ्याच्या गाण्यातली एक ओळ फिरवायची आणि खाली आपलं नाव ठोकून द्यायचं! असल्या लोकांना चौकात उभं केलं पाहिजे.

१५ जुलै

आमच्या वकिलांनी अजब तोडगा काढला. नोटीस इंग्रजी मुलखातल्या कायद्याची, सांगली तर संस्थान. हद्दीच्या आत खुशाल वाजवा, हद्दीबाहेर नको. म्हणून मागच्या आठवड्यात तासगावच्या वाटेवर हद्दीच्या दगडापाशी गाडी उभी केली. पलीकडच्या वाडीतल्या बायका बांध ओलांडून अलीकडं आल्या, गाणं ऐकलं, डब्या घेतल्या आणि परत साहेबाच्या राज्यात गेल्या. गुंडा बैलांना म्हणाला, ‘‘म्होरं पाय टाकू नगंसा रं गड्यांनो, खटला हुईल.’’ मला हसू आलं नाही. जिल्हा गाजवायला निघालो होतो, एका दगडापाशी येऊन थांबलो.

आता पावसानं तेही बंद. कर्णा वखारीच्या दारावर टांगला आहे आणि गिऱ्हाइकांसाठी सकाळपासून दिवा लागेपर्यंत तीच तबकडी. खाली बायका चाळत असतात. तानुबाईंचे हातसुद्धा आता त्याच ठेक्यावर चालतात. राहीबाई कर्ण्याच्या बरोबर खाली बसते, तिथं उजेड असतो म्हणून. गात मात्र नाही. परवा पाहिलं, ओठ हलत होते.

२० ऑगस्ट

कज्जा साताऱ्याच्या कोर्टात लागला. आमचे वकील म्हणतात, एकच उपाय. गाणं मुळात जिचं, तिला उभी करा. तिनं सांगायचं, गाणं माझं आणि मी ते बाळासोंना दिलं. मग कंपनी उघडी पडते.

म्हणजे सहा महिने जे गाणं कुणाचंच नव्हतं ते आज एकदम राहीबाईचं झालं. माझं होण्याची वेळ काही येत नाही.

मालकांनी तिला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘येते मी. पर नाव माघारी घालायचं. यंत्रात त्येचं नाव पायजे. मोर नगं.’’

मालक म्हणाले, ‘‘जिंकलो की दुसरी तबकडी काढू. तुझ्या नवऱ्याच्या नावाची. मास्तर, सांगा तिला.’’

मी सांगितलं. शब्द दिला. ती गेल्यावर मालक म्हणाले, ‘‘मास्तर, मोराशिवाय आपली डबी कोण घेतंय? जिंकू तवा बघू.’’ पुन्हा तेच ‘बघू’. मी कागद आवरायला लागलो. अंगणातून तिचा आवाज आला. तानुबाईंना सांगत होती, ‘‘पार सिंगापूरपत्तोर जातंय म्हनं यंत्र.’’

१७ सप्टेंबर, सातारा

आज जे झालं ते झालं नसतं तर बरं होतं. सगळं लिहितो.

कोर्ट भरलं होतं. वडूजकडची माणसंही आली होती, दादासो पुढच्याच बाकावर. राहीबाईनं धुवट लुगडं नेसलं होतं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमच्या वकिलांच्या प्रश्नांना चांगली उत्तरं दिली. कुठं बसून जुळवलं, कोण ऐकायला होतं, सगळं न अडखळता.

मग कंपनीचा वकील उठला. गोड माणूस. ‘‘बाई, शेवटच्या ओळीत कुणाचं नाव होतं?’’

तिनं पदर तोंडाला लावला.

‘‘आपण केलेलं गाणं ना? मग नाव आठवत नाही?’’

आमच्या वकिलांनी सांगून पाहिलं की बायका पतीचं नाव घेत नाहीत. तो म्हणाला, मग दुसऱ्या कुणी तरी शपथेवर सांगावं, मूळ शब्द काय होते आणि ते कुणी बदलले. आमच्या वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मालकांनी हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी सांगितलं असतं तर आम्हीच बाईचं गाणं मोडलं हे जाहीर झालं असतं, आणि मग कंपनीत आणि आमच्यात फरक काय राहिला? शिवाय मला नाव घेऊन कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर वेगळी गोष्ट.

जज्जसाहेब भले होते. म्हणाले, ‘‘बाई, लाजू नका. इथं कुणी नावं ठेवणार नाही.’’

राहीबाई म्हणाली, ‘‘सायेब, ते नाव म्या येरवी घेत न्हाई. गानं म्हनू का? गान्यात येईल.’’

म्हणा, म्हणाले. तिनं डोळे मिटले. चाळणी नव्हती, तरी हात तसेच हलायला लागले. घोगरा आवाज, पण कोर्टात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पिवळी हळद रानी... लिंबाच्या रसात न्हाली...

कुंकू माझ्या कपाळी गं, मोरछापाच्या डबीचं.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मागच्या बाकावर कुणीतरी खिंकाळलं आणि सगळं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा. तिनं डोळे उघडले, हात तोंडावर दाबला. ‘‘न्हाई, न्हाई, ह्ये न्हवं,’’ म्हणाली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथं आली आणि जीभ पुन्हा तिकडंच वळली. तिसऱ्यांदा तिनं ‘गं’वरच तोंड मिटून घेतलं आणि पिंजऱ्याचा कठडा धरून उभी राहिली.

कंपनीचा वकील म्हणाला, ‘‘बाईंनी गाणं कर्ण्यावरून पाठ केलेलं दिसतं.’’ आणि खाली बसला.

अशी जीभ घसरायची का ऐनवेळी? एवढी तालीम करून घेतली असती तर! मालक मलाच बोलतात. दादासो मात्र बाहेर पडताना चार माणसांना मोठ्यानं सांगत होता, ‘‘बगितलंसा? जिच्या त्वांडातनंच नाव गेलं, तिचा धनी जित्ता कसा म्हनायचा?’’

४ ऑक्टोबर, सांगली

तडजोड झाली. गाणं कंपनीचं, गीतकार त्यांचा कवी. आम्ही मोर लावून ते वाजवू शकतो, संस्थानात आणि बाहेरही, फक्त तबकड्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या. मालक खूश आहेत. कंपनीच्या माणसानं त्यांना मुंबईत जेवायला बोलावलं आहे. जे भांडले ते जेवले. आता दिवाळीला पुन्हा गाडी काढायची.

राहीबाई साताऱ्याहून परस्पर गावी गेली ती आलेली नाही. तिची जागा दुसरीनं घेतली. अंगणात बायका गातात, पण मी दारात दिसलो की गप्प होतात. नुसत्या चाळण्या वाजत राहतात.

आज उगीचच पेटी काढली आणि ते गाणं जुन्या शब्दांनी म्हणून पाहिलं. मला येतं. मला अडखळायला होत नाही. मग कोर्टात मी का... पण जाऊ दे. गेलेल्या गोष्टी उगाळून काय होणार आहे?

१७ नोव्हेंबर

आज रविवार, खोलीवरच होतो. दार वाजलं म्हणून पाहिलं तर राहीबाई. वडूजहून एकटीच आली होती. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसली. कपाळावर कुंकू होतं, आमच्या डबीतलं नव्हे, घरचं, जरा काळपट.

गावात बैठक बसली होती, असं तिनं सांगितलं. दादासोनं साताऱ्याची गोष्ट सगळ्यांपुढं ठेवली. हिच्या तोंडचं नाव आपोआप गेलं, म्हणजे वरनंच गेलं, असं ठरलं. साळूबाईसुद्धा शेवटी रडून गप्प झाली. येत्या अवसेला कुंकू पुसायचं.

मी म्हटलं, मी काय करू शकतो? मालकांशी बोलू का? तिनं मान हलवली.

‘‘येकदा म्हनून दावा मास्तर. मी म्हनत हुते तसं. तुमी पैल्यांदा ऐकलंसा, तुमच्या ध्यानात आसंल. मी लय करून बगितलं. दळताना, पानी शेंदताना. ‘कपाळी गं’ पत्तोर येतंय, आन् तितनं म्होरं मोरच उबा ऱ्हातोय. कुनी बरूबर म्हनून दावलं, तर वाट घावंल. मंग चार मानसांत म्हनून दाखविते.’’

मी पेटी ओढली. म्हणालो ते मात्र बरोबर म्हणालो, एकही शब्द चुकलो नाही. शेवटची ओळ दोनदा घेतली. ‘आकारामाच्या नावाचं.’ नाव आलं तेव्हा तिनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला.

‘‘म्हण आता,’’ मी म्हणालो.

तिनं सुरुवात केली. मी पेटीवर साथ धरली. ‘कपाळी गं’ आलं आणि ती थांबली. मी सूर धरून ठेवला. भाता संपला, पुन्हा भरला. ती माझ्या बोटांकडं पाहत होती.

‘‘नगं,’’ शेवटी म्हणाली. ‘‘तुमच्या त्वांडून नाव आलं, पर त्यो न्हाई आला त्यात. परक्याचं गानं ऐकल्यावानी झालं.’’

मी तिला सांगू लागलो की अजून अवसेला वेळ आहे, रोज ये, रोज म्हणू, बसेल जिभेवर. आणखी काय काय बोललो ते आठवत नाही. ती उठली, लुगडं झटकलं. मी रडतोय हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण माझीच समजूत काढावी तशी हळू बोलली.

‘‘ऱ्हाऊ द्या मास्तर. माजं न्हाई ऱ्हायलं त्ये. तुमचंच गानं झालं आता.’’

गाणं माझं आहे, असं आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.